माया

मुजावर डॉक्टरीणबाईंनी टेप काढला की मला हसू येतं.
तसाच पिवळा, तसाच कडांना झिजलेला.
माझ्या गळ्यात तो अकरा वर्षं आहे,
उत्तरेश्वर पेठेत, मशीनसमोर,
खुर्चीवर दोन उशा रचून बसते तिथं.
चार फूट आठ इंच. गिऱ्हाइकं म्हणतात,
बाई एवढीशी, पण हात ढळत नाही.

टेपाचं एक टोक खाली हाडावर,
दुसरं पोटाच्या शेंड्याला.
चौतीस आठवडे. एकतीस सेंटीमीटर.
"तीननं कमी," हे त्या मला म्हणत नाहीत,
कागदाला म्हणतात.

कागदावर आधीच छापलेली रेघ आहे, चढत गेलेली,
आणि तिच्या खाली माझा ठिपका,
जोतिबाच्या पायऱ्यांवर मागं राहिलेल्या पोरासारखा.
ही रेघ कुणाच्या मापाची, मी विचारलं.
रेडीमेडच्या दुकानातही मी हेच विचारते.

थोरली जाऊ वैजयंता माझ्याहून हातभर उंच.
दंड साडेसोळा.
तिचा मुलगा चार किलोला जरासा कमी भरला.
गल्लीनं पेढे खात म्हटलं, पैलवान आला!
ती नऊ महिने साखरेसाठी बोटं टोचून घेत होती,
त्याचं कुणी काही म्हटलं नाही.
आता तीच गल्ली माझ्याकडं बघते,
मग धैर्यशीलकडं, जो दारातून वाकून आत येतो.
"बापावर गेलं तर हिचं कसं व्हायचं?"

सासूनं गंगावेशेत तीस वर्षं
गिऱ्हाइकासमोर धार काढून दूध विकलंय.
ती वैरण टाकता टाकताच म्हणाली,
"मी सांगतो तुला. आपली चंद्री म्हस बुटकी हुती.
रेडा मुऱ्हा, दांडगा. समदी म्हणाली, म्हस गेली आता.
रेडकू आलं ते नेमकं तिच्याच बेताचं.
कूस बघून वाढतंय ते.
बाप मागनं दिसतोय, दात आल्यावर."

हे मी दवाखान्यात सांगितलं.
बाई हसल्या नाहीत. म्हशीचं बरोबर आहे, म्हणाल्या.
पहिले चार-पाच महिने सगळी जवळजवळ सारखीच वाढतात,
पुढं जागा किती ते आई सांगते.
मग टेप गुंडाळत,
"पण जागा कमी असणं वेगळं
आणि आत पोचायला कमी पडणं वेगळं.
रेघेखालचा ठिपका दोन्हीकडं सारखाच दिसतो.
सोमवारी सोनोग्राफी करू, नाळेचं रक्त बघू.
तू जन्मलीस तेव्हा वजन किती होतं?"

मला कुठलं ठाऊक.
आईला फोन लावला. ती आधी गप्प.
मग म्हणाली, कागलच्या अलीकडं गुऱ्हाळावर होतो गं,
सातव्या महिन्यातही चिपाडं वाळत घालत होते.
तू झालीस तेव्हा गुळव्यानं गमतीनं
गुळाच्या काट्यावर ठेवलं तुला.
मग?
मग काय. काटा हललाच नाही.
तो तीस किलोच्या ढेपांचा काटा.

म्हणजे माझं कापड
मला कळायच्या आधीच बेतलं होतं.
कात्री कुणी धरली, हे विचारत नाही.
कापडच तेवढं आलं होतं.

रात्री धैर्यशील घोरतो,
मी माझ्याच टेपानं मोजते. एकतीस.
श्वास सोडून पुन्हा. एकतीस आणि वर एक केस.
मापाच्या वहीत, खराडेवहिनींच्या ब्लाउजखाली लिहिते:
नाव नाही. उंची माहीत नाही. द्यायची तारीख डिसेंबरात.

वैजयंतानं तिच्या पोराची अंगडी दिलीत, गाठोडंभर.
ती मी तशीच ठेवलीत.
जुन्या धोतराचं मऊ कापड घेऊन एक नवं कापलं,
लहान, अगदी माझ्या अंदाजाचं,
आणि कडेला आत दोन बोटं माया सोडली.
टाके लांब घातलेत,
उसवायला सोपे जावेत म्हणून.